माहुताच्या पाठीमागे

फार पूर्वी, शाळेत जायला पोरांना हत्ती लागायचा, त्या काळातली ही गोष्ट. हसू नका. खरंच लागायचा.

एका गावात देऊळ होतं, बाजार होता, गुऱ्हाळ होतं, पण शाळा मात्र नव्हती. शाळा होती रानापलीकडे, नदीच्या पैलतीरावर. नदी अशी आडदांड, की गाडी घातली तर बैल मागे सरायचे आणि होडी घातली तर खडकावर आपटायची. म्हणून राजाने आपल्या हत्तीखान्यातली एक वयस्कर हत्तीण गावाला देऊन टाकली. तिचं मूळ नाव काय होतं कोण जाणे, गाव तिला थोरली म्हणायचं.

सकाळी थोरली गल्लीत शिरली की गल्ली एकदम लहान होऊन जायची. तिच्या पावलाचा आवाज यायचा नाही, नुसतं ओसरीवरच्या तांब्यातलं पाणी हलायचं. म्हाताऱ्या बाया हात जोडायच्या. रोज बघणारी पोरंसुद्धा रोज नव्याने आ वासायची. ती गुडघे टेकून खाली बसली की पोरं तिच्या पायाला हात लावायची, शिडीने वर चढायची आणि पाठीवरच्या लाकडी हौद्यात दाटीवाटीने बसायची.

मानेवर माहूत असायचा. त्याचे दोन्ही पाय थोरलीच्या कानांमागे, आणि पायांच्या अंगठ्यांनीच तो तिच्याशी बोलायचा. उजवा दाबला की उजवीकडे, डावा दाबला की डावीकडे. त्यामुळे माहुताने मागे वळून बघायचं नाही, असा नियमच होता. माणूस मागे वळला की त्याचा एक पाय आपोआप दाबला जातो ना! एकदा तो शिंकेच्या भरात जरासा वळला, तर थोरली सगळ्या पोरांना घेऊन सरळ उसाच्या फडात शिरली, आणि मग काय विचारता, दुपारपर्यंत बाहेर यायचं नावच घेईना. तेव्हापासून पोरांना ताकीद होती, वाटेत माहुताला हाक मारायची नाही.

नियम चांगलाच होता. पण माहुताच्या पाठीमागे काय चाललंय ते कुणीतरी बघायला हवं की नको? ते मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

त्या गावात एक दवंडीवाला राहायचा. त्याचा आवाज असा खणखणीत, की चावडीवर बोलला तर मळ्यातली माणसं ओ द्यायची. बाजार कधी आहे, कुणाची गाय हरवली, कुणाकडे बारसं आहे, सगळं गावाला त्याच्याच तोंडून कळायचं. हलगीवर काठी पडली आणि ‘ऐका हो ऐका!’ आलं, की बायका हातातलं पीठ झटकून दारात यायच्या. माणूस मनाचा अगदी चांगला. फक्त पोटात काही राहायचं नाही बिचाऱ्याच्या.

त्याला एक मुलगी होती, वेणू. तिच्यावर त्याचा भारी जीव. तिचा पहिला दात पडला तेव्हा त्याने आनंदाने दवंडी पिटली. एका वर्षी ती पाण्याला घाबरते म्हणून त्याने भर चावडीवर जाहीर केलं, ‘ऐका हो ऐका, नदीवर माझ्या वेणूला सांभाळून घ्या हो!’ केलं मायेनेच. पण पुढे कित्येक दिवस पोरं तिला ‘सांभाळून घ्या हो’ याच नावाने हाक मारत होती, हे त्याच्या गावीही नव्हतं.

तर ही वेणू आधी थोरलीची वाट बघत पहाटेपासून ओट्यावर बसायची. अलीकडे मात्र थोरलीच्या गळ्यातली घंटा वाजली की तिचं पोट दुखायचं. संध्याकाळी परतली की उभ्या उभ्या दोन भाकऱ्या खायची. कधी एका वेणीची रिबीन गायब, कधी परकर कमरेपर्यंत ओला. एकदा तर ती कणगीच्या मागे लपून बसली.

‘‘शाळा बुडवायचे बहाणे आहेत सगळे,’’ दवंडीवाला हसून म्हणाला.

‘‘भूक लागलेली असते तिला,’’ वेणूची आई म्हणाली. ‘‘सोबत दिलेली भाकरी जाते कुठे? विचारा तरी.’’

त्याने विचारलं. पण त्याचं विचारणं कसलं! ‘‘वेणू गं! कुणी काही बोलतं का तुला? कुणी त्रास देतं का?’’ शेजारची म्हैस रवंथ थांबवून बघायला लागली. पलीकडच्या घरातून कुणीतरी ‘‘काय झालं हो?’’ म्हणून ओरडलं. वेणू म्हणाली, ‘‘काही नाही,’’ आणि पुन्हा कणगीमागे गेली.

दवंडीवाल्याला लागलं ते. ‘‘सगळं गाव माझं ऐकतं, आणि माझी पोर मला दोन शब्द सांगत नाही?’’

‘‘तुम्हाला सांगणं म्हणजे गावाला सांगणं,’’ आई म्हणाली. ‘‘ती सांगेल कशी? तुम्हाला गप्प बसता येतं हे तिने कधी बघितलंय का?’’

तो चिडला, तणतणला, घराबाहेर दोन चकरा मारून आला. पण बायकोचं बोलणं काही खोटं नव्हतं. संध्याकाळी वेणू ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत होती. त्याने हलगी आत खुंटीला टांगली, तिच्या शेजारी मांडी घालून बसला आणि शेंगा सोलायला लागला. बोलला मात्र काहीच नाही.

अहो, केवढं अवघड गेलं त्याला ते! ओठांवर दहा प्रश्न आले आणि दहाही त्याने गिळले. कपाळावर घाम आला. वेणू तिरक्या नजरेने त्याच्याकडे बघत होती. सूप भरत आलं, तरी बाबा गप्पच. मग तीच खाली मान घालून बोलायला लागली.

गुऱ्हाळवालीचा मुलगा खंडू. अंगाने आडवा, हौद्यातल्या सगळ्यांपेक्षा मोठा. तो तिला रोज सगळ्यात मागच्या फळीवर बसायला लावायचा. ती फळी दप्तरांची, तिला ना कठडा ना दोरी. भाकरी काढून घ्यायचा. वेणी धरून तिला पाण्यावर वाकवायचा, रिबीन सुटून वाहून जायची, परकर भिजायचा. बाकीची पोरं हसायची, नाहीतर दुसरीकडे बघायची.

दवंडीवाल्याची तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्याने आवाज खाली ठेवला. ‘‘मग तू ओरडली का नाहीस, बाळ?’’

‘‘कशी ओरडणार?’’ वेणू म्हणाली. ‘‘खंडू म्हणतो, तू ओरडलीस तर माहूतकाका मागे बघतील. त्यांनी मागे बघितलं की थोरली वळेल, आणि नदीच्या मधोमध वळली की सगळे बुडतील. लहान पोरंपण. आणि ते तुझ्यामुळे होईल. म्हणून मी नाही ओरडत.’’

दवंडीवाला तिच्याकडे बघतच राहिला. एवढीशी पोर, शेंगेतला दाणा काढायला अजून दात लावते. पाण्याला घाबरणारी. आणि ही रोज नदीच्या मधोमध जीव मुठीत धरून बसते, वेणी ओढली जाते, डोळ्यांत पाणी येतं, आणि चकार शब्द काढत नाही, का, तर बाकीची पोरं बुडू नयेत म्हणून! त्याला वाटलं, आपण आजवर गावात मोठमोठ्यांच्या नावाने दवंड्या दिल्या, पण एवढं मोठं माणूस आपल्याच घरात राहतंय याचा आपल्याला पत्ता नव्हता. त्याला तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता, पण हात उचलायचीसुद्धा त्याला हिंमत होईना.

‘‘बाबा,’’ वेणू म्हणाली, ‘‘दवंडी नाही ना पिटणार?’’

त्याच्या तोंडून ‘नाही’ निघालं नाही. खोटं कशाला सांगू, सकाळी त्याने हलगी गळ्यात अडकवली आणि तरातरा चावडी गाठली. काठी मारली. गाव जमलं. ‘‘ऐका हो ऐका!’’ त्याने आरोळी दिली, आणि खंडूचं नाव त्याच्या जिभेच्या अगदी टोकावर आलं.

तेवढ्यात त्याला गर्दीत आईच्या पदराआड वेणू दिसली. तिच्या चेहऱ्यावर रंग म्हणून उरला नव्हता. ती खंडूकडे बघत नव्हती, बापाकडे बघत होती. पुन्हा कधी याला काही सांगायचं की नाही, ते आत्ता ठरणार, हे त्या माणसाला लख्ख कळलं.

‘‘ऐका हो ऐका...’’ तो अडखळला. ‘‘उद्या... उद्या बाजार आहे हो!’’

‘‘अहो, उद्या बाजार असतोच!’’ कुणीतरी म्हणालं आणि गाव खो खो हसलं. जन्मात पहिल्यांदा दवंडीवाल्याचं असं हसं झालं होतं. तो हलगी काढून घरी आला, वेणूजवळ खाली बसला आणि म्हणाला, ‘‘आता मी ज्यांना सांगायला हवं तेवढ्यांनाच सांगणार आहे. हळू आवाजात. चालेल तुला?’’

वेणूने थोडा विचार केला आणि मान डोलावली.

मग तो माहुताकडे गेला. माहूत थोरलीला नाल्यात आंघोळ घालत होता. सगळं ऐकून म्हणाला, ‘‘माझ्या हौद्यात? छे! पोरं आहेत, मस्ती करतात. आणि मी मागे बघत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.’’

‘‘म्हणून तर म्हणतो, माहूतदादा, मला एकदा वर बसू दे.’’

मोठी माणसं थोरलीवर बसत नसत. पण हा नेहमी गर्जणारा माणूस आज एवढ्या हळू बोलतोय, हे बघून माहूत नाही म्हणू शकला नाही.

दुसऱ्या दिवशी दवंडीवाला पोरांबरोबर वर चढला. बाप समोर आहे म्हटल्यावर खंडू गरीब गाय होऊन बसला, ते तुम्ही ओळखलंच असेल. पण दवंडीवाला त्याला पकडायला आलाच नव्हता. तो सरळ मागे गेला आणि त्या दप्तरांच्या फळीवर बसला.

रान सुरू झालं. थोरली चालायला लागली, आणि त्याला वाटलं आपण एखाद्या जिवंत टेकडीवर बसलोय. तिचा श्वास खालून त्याच्या अंगाला जाणवत होता. झाडांचे शेंडे हाताला लागत होते. मग नदी आली. थोरलीने सोंड पुढे टाकली, तळ चाचपला, एक पाय ठेवला, थांबली, दुसरा ठेवला. एवढा मोठा जीव आणि एवढं सांभाळून चालणं! पाणी तिच्या पोटाला लागलं, हौदा मागे कलला, आणि दवंडीवाल्याच्या हाताला धरायला काहीच सापडेना. खाली काळंभोर पाणी गरगरत होतं. ओरडावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तर घशातून आवाजच फुटेना. गावभर ऐकू जाणारा तो आवाज! तो तसाच फळीला नखं रोवून पैलतीरापर्यंत गेला. वेणू त्याच्याकडे वळून वळून बघत होती. शेवटी तिने हळूच मागे हात केला आणि त्याचा अंगठा धरला.

पलीकडे सगळे उतरले. पोरं शाळेत गेली तसं त्याने माहुताला बाजूला घेतलं. ‘‘एक सांग. पोर ओरडलं तर थोरली खरंच वळते? सगळी बुडतील?’’

‘‘बुडतील?’’ माहुताच्या तोंडचं पाणी पळालं. ‘‘कोण म्हणालं? मी मागे बघितलं तर ती वळते. पण मी कशाला मागे बघू? दोन्ही अंगठे एकदम दाबले की ती जागच्या जागी थांबते. महापूर आला तरी हलायची नाही. पोराने हाक मारली तर मी तिला थांबवीन की!’’

‘‘हे पोरांना ठाऊक आहे?’’

हाक मारू नका, एवढंच माहुताने वर्षानुवर्षं सांगितलं होतं. संकटात खुशाल मारा, हे सांगायचं राहूनच गेलं होतं. तो तिथेच दगडावर बसला आणि बराच वेळ दोन्ही हातांनी डोकं धरून होता.

मग दोघे गुरुजींकडे गेले. गुरुजींनी मध्ये न बोलता सगळं ऐकलं. त्याच दुपारी मागच्या फळीला कठडा लागला. माहुताने पोरांना गोळा करून सांगितलं, कुणालाही त्रास झाला तर बिनधास्त हाक मारा, मी मागे बघणार नाही, पण थांबणार नक्की. आणि ठरलं की रोज एका घरातलं मोठं माणूस पाळीने मागे बसेल.

राहिली गुऱ्हाळवाली. तिच्या जिभेला गाव घाबरायचं. काहिलीत रस उकळत होता आणि ती भलामोठा झारा फिरवत होती.

‘‘माझा खंडू?’’ ती कडाडली. ‘‘भावोजी, पोरगं वाढतं आहे, म्हणून कुणीही त्याच्या नावाने खडे फोडायचे का?’’

एरवी दवंडीवाल्याने तिला आवाजात हरवलं असतं. आज तो म्हणाला, ‘‘वहिनी, मी भांडायला आलो नाही. गावात कुणाला बोललोही नाही. तुमचा मुलगा आणि माझी मुलगी एकाच हत्तिणीवर बसून नदी ओलांडतात. त्याला एकदा विचारा, माझ्यासमोर नको.’’ आणि तो बाहेर उसाच्या मोळीवर जाऊन बसला.

आत आधी आरडाओरडा झाला. मग आवाज खाली आले. मग खंडूचं रडणं ऐकू आलं. पुष्कळ वेळाने गुऱ्हाळवाली बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता.

‘‘तो लहान होता ना, तेव्हा मोठी पोरं त्याला त्याच फळीवर बसवायची,’’ ती म्हणाली. ‘‘रडत आला होता माझ्याकडे. मी कामात होते. मी म्हटलं, रडतोस काय बायकांसारखा, तूपण दुसऱ्याला बसव. भावोजी, मीच सांगितलं होतं त्याला.’’ आणि एवढी खमकी बाई, पण पदर तोंडाला लावून उभी राहिली.

एका दिवसात सगळं गोड झालं असं काही मी सांगणार नाही. सवय जायला वेळ लागतो. खंडू वेणूची भाकरी घेईनासा झाला, पण अधूनमधून त्याचा हात शिवशिवायचाच.

एका सकाळी ज्या बाईची सोबत जायची पाळी होती तिला ताप भरला आणि मागे बसायला कुणी गेलंच नाही. दवंडीवाल्याला हे चावडीवर कळलं. तो जो सुटला, तो रानातून धावत, काट्यांतून ओरबाडून घेत नदीवर पोचला. पण थोरली तेव्हा मधोमध पोचली होती. त्याला लांबून स्पष्ट दिसलं, वेणू कडेला बसली आहे, आणि खंडूचा हात तिच्या वेणीकडे चाललाय.

त्याने छाती भरून श्वास घेतला. इतका मोठा आवाज देणार होता, की पैलतीरावरची पाखरं उडाली असती. पण त्याच्याआधीच नदीवर दुसरा एक आवाज उठला.

‘‘माहूतकाका, थांबा!’’

कुणाचा आवाज, ते त्याला पटकन कळलंच नाही. एवढा स्वच्छ, एवढा ठाम. मग कळलं, आणि त्याच्या अंगावर काटा आला.

माहूत वळला नाही. थोरली थांबली. नदीच्या मधोमध, काळ्या पाण्यात, एखादा डोंगर उगवावा तशी ती उभी राहिली. पाणी येऊन तिच्या पायांना धडकत होतं, दुभंगत होतं, पुढे जात होतं. ती हलली नाही. कुणी पडलं नाही, कुणी बुडलं नाही. खंडूने हात मागे घेतला आणि तोही डोळे फाडून खाली दुभंगणाऱ्या पाण्याकडे बघत राहिला.

‘‘काय झालं गं?’’ माहुताने समोर बघतच विचारलं.

‘‘खंडू माझी वेणी ओढत होता,’’ वेणू म्हणाली. ‘‘आता नाही ओढत. चला.’’

आणि थोरली चालायला लागली. काठाशी दवंडीवाला गुडघाभर पाण्यात उभा होता. एवढ्या मोठ्या जनावराला, एवढ्या मोठ्या नदीत, आपल्या पोरीच्या एका हाकेने थांबलेलं त्याने बघितलं होतं, आणि हे गावात कुणालाच सांगायचं नव्हतं. तो डोळे पुसत घरी गेला.

संध्याकाळी वेणू आली ती धावतच. दप्तर टाकलं आणि बापासमोर मांडी घालून बसली. ‘‘बाबा, आज काय झालं सांगू?’’

त्याला सगळं ठाऊक होतं. तरी तो म्हणाला, ‘‘सांग.’’ आणि शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत राहिला.

आता हत्तीण गेली आणि शाळेची बस आली, पण मागची जागा अजून तिथेच आहे. म्हणून आईबापांनी तात्पर्य म्हणून गाठीला बांधायचं ते एवढंच: लेकरू सांगायला लागलं की आधी तोंड मिटून ऐकायचं आणि त्याच्यावर विश्वास ठेवायचा. ‘तूही मार’ म्हणायचं नाही, गावभर बोभाटाही करायचा नाही. ज्यांना थांबवता येतं त्यांच्या दारात शांतपणे जाऊन उभं राहायचं, आणि आपल्या हाकेला कुणीतरी थांबतं, हे लेकराला एकदा तरी डोळ्यांनी बघू द्यायचं.